पाचवा दगड

चाकाखाली दगड कुणी लावला रे? मिहिर, तूच ना? चांगलं केलंस. उताराला गाडी लावायची तर दगड हवाच, त्या हँडब्रेकवर माझा काडीचा भरवसा नाही. पण निघताना तो दगड उचलून बांधावर ठेवायचा. पायानं सारायचा नाही, वाकून उचलायचा. हसू नका. तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलंय मी. गाडी चालवायला शिकवणारे तुम्हाला लई भेटतील, दगड उचलायला शिकवणारा एखादाच.

या, शेकोटीजवळ सरका. कडब्याच्या पेंढीचा पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवून झाला, आंबिलीचं मडकं रिकामं झालं, आता नांदेडला निघायची एवढी कसली घाई? धुकं उतरायला लागलंय. उजाडल्यावर निघा. तोवर भुजंगचं ऐका. भुजंग म्हणजे माझ्या साडूचा थोरला. कुणाकडून कानावर आलेली गोष्ट नाही ही. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली, आणि शेवटचा तुकडा तर मी आज सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहून आलोय.

रेणापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या घरांत अजून माणसं राहतात. भुजंगकडे एक जुनी डिझेल पिकअप. गावातली भाजी भरून पहाटे लातूरच्या मार्केटात पोचवायची, हा त्याचा धंदा. उन्हाळ्यात ती गाडी चावी फिरवायचा अवकाश की सुरू व्हायची. मार्गशीर्ष लागला, की रुसायची. पेट्रोलला ठिणगी मिळते, डिझेलला नुसत्या उबेवर पेटावं लागतं. इंजिन गार, हवा गार, त्यात बॅटरी म्हातारी. चावी अर्धी फिरवायची, हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट बघायची, मग सेल्फ मारायचा. दोनदा घरघर, तिसऱ्यांदा नुसतं टक. भुजंग रात्री बॉनेटवर जुनी गोधडी टाकायचा. त्याची बायको सुकन्या म्हणायची, मला पांघरायला धड नाही आणि गाडीचे लाड बघा.

यावर आपल्याकडच्या डिझेलवाल्यांचं एकच औषध, उतार. संध्याकाळी गाडी उताराच्या माथ्यावर तोंड खाली करून लावायची, गियरमध्ये टाकायची, पुढच्या चाकाखाली दगड ठोकायचा. पहाटे दगड सारायचा, आत बसून क्लच दाबायचा, गाडी घरंगळू द्यायची, आणि वेग आला की दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचा. दणकन दचका बसतो आणि इंजिन जागं होतं. एकदा जागं झालं की थांबायचं नाही. थांबलात आणि बंद पडली, तर सपाटीला धक्का मारायला माणसं कुठून आणणार? म्हणून दगड उचलायला कुणी मागं जात नाही. तो राहतो रस्त्यातच, संध्याकाळी पुन्हा लागतो म्हणून. सगळेच ठेवतात. मीही कधी त्यात वावगं पाहिलं नव्हतं.

वेशीबाहेर ओढ्याच्या पुलाकडे जाणारा उतार आहे, तिथं भुजंगची गाडी उभी असायची. एका अंगाला गावातल्या केवळाबाई नावाच्या म्हातारीचं शेत. तिच्या बांधावर बाभळीखाली काही दगड पडलेले होते, त्यातला एक त्यानं अंधारात उचलला. काळा, बुडाला सपाट, एका बाजूनं निमुळता. चाकाखाली असा बसायचा की गाडी जागची हलायची नाही. त्या थंडीत त्यानं रोज तोच दगड वापरला.

आता पुढचं मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण गोष्ट ते काय झालं याची नाही. दोन वर्षांमागच्या थंडीत, एका धुक्याच्या पहाटे, भुजंगनं नेहमीसारखा दगड पायानं सारला. तो बाजूला जायच्या ऐवजी रस्त्याच्या मधोमध गेला. भुजंगला ते दिसलं. उचलावा, असं मनातही आलं. तेवढ्यात गियरमध्ये असूनही गाडी सरकायला लागली, तो उडी मारून आत बसला, इंजिन लागलं, आणि तो निघून गेला. थोड्या वेळानं मागून बजरंग आला. बजरंग म्हणजे केवळाबाईचा मुलगा. मोटरसायकलला दोन्ही अंगांनी दुधाचे कॅन अडकवून तो रोज रेणापूरला दूध घालायला जायचा.

भुजंग लातूरहून परतला तेव्हा सगळं गाव उतारावर होतं. धुक्यात गाडी घसरली म्हणाले. कुणी म्हणालं, ससा आडवा गेला असेल. रस्त्यावर दूध वाळून गेलं होतं. दगड कुठेच नव्हता. बजरंगच्या तिरडीला भुजंगनं खांदा दिला. त्या रात्री सुकन्यानं त्याला एकदाच विचारलं, दगड उचलला होता ना? तो म्हणाला, हाव, उचलला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून भुजंग केवळाबाईच्या दाराशी बांधला गेला. तिची लेक राजश्री लातूरला दिलेली, घरात म्हातारी एकटी. तिची मेथी तो मार्केटला न्यायचा आणि भाड्याचं नाव काढू द्यायचा नाही. तिची औषधं आणायचा, कडबा रचून द्यायचा. तो तिला काकू म्हणायचा. ती गावभर सांगायची, देवानं एक नेला आणि एक दारात आणून उभा केला.  म्हातारीला कधी कळू नये, एवढं एकच मागणं त्यानं देवाकडे ठेवलं होतं. पोलिसांचं भय त्याला नव्हतं. ती एक दिवस आपल्याकडे बघून तोंड फिरवेल, याचं होतं.

बजरंग गेला त्या साली केवळाबाईनं येळवस, तुमच्या कॅलेंडरातली वेळ अमावास्या, केली नाही. शेतात कडब्याची कोप उभी केली नाही, आंबील आंबवली नाही. त्यानंतरची तिची पहिली येळवस गेल्या साली आली. सोमवारी आली होती, आठवतंय? तर त्याच्या आधीच्या गुरुवारी ती शेतात साफसफाई करायला गेली. आपण कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडतो, पांडव म्हणून पूजतो. दुपारी तुम्ही हात जोडलेत ना, ते. वर्षभर ते शेतातच पडून असतात. दोन पाऊस झाले की चुना धुऊन जातो, मग दगडासारखे दगड, ओळखायला नकोत.

संध्याकाळी भुजंग मेथीच्या पेंढ्या न्यायला आला, तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती.

"चारच हायती रं भुजंगा," ती म्हणाली. "पाचवा गावंना. काळा हाय, बुडाला सपाट. माझ्या सासऱ्यानं गंगेवरनं आणलेला. तुझे डोळे तरणे हायती, बघ की जरा."

भुजंग तिथंच उभा राहिला. आपण चाकाखाली काय घालत होतो, हे त्याला त्या वेळी कळलं. तरी तो बाभळीखाली जाऊन खोटाच शोधून आला. नाही सापडत म्हणाला. दुसरा एखादा मांडा की, असंही म्हणाला. म्हातारी म्हणाली, पांडव कधी बदली आणतात का बाबा. शोध, सापडेल.

शुक्रवारी पहाटे तो उतारावर गेला. कडाक्याची थंडी होती. आदल्या रात्री त्यानं चाकाखाली विटेचं अर्धुक लावलं होतं. ते रस्त्याच्या कडेला नीट उचलून ठेवलेलं होतं. चाकाखाली दगड होता. काळा, बुडाला सपाट, आणि वरून पांढराशुभ्र चुना.

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय, दगड मिळाला, म्हातारीला नेऊन द्यायचा. पण चोराच्या मनात चांदणं. भुजंगच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की कुणाला तरी माहीत आहे. कुणीतरी त्या दिवशी तो दगड रस्त्यातून उचलला, वर्षभर जपून ठेवला आणि आता आपल्याला दाखवतंय. म्हातारीला नेऊन दिला तर ती विचारणार, कुठं होता? त्यानं इकडंतिकडं पाहिलं, दगड उचलला आणि पुलावरून ओढ्याच्या डोहात टाकून दिला.

शनिवारी पहाटे तो पुन्हा चाकाखाली होता. विटेचं अर्धुक पुन्हा कडेला. दगडाखालची माती ओली झाली होती. चुना मात्र जसाच्या तसा. त्यानं तो पुन्हा डोहात टाकला.

भुजंगचा संशय निवृत्तीवर गेला. निवृत्ती बजरंगचा जिवलग. अपघाताच्या जागी पहिला पोचला तो हाच, आणि बजरंगमागं दुधाची फेरीही यानंच उचलली. रोज पहाटे याच उतारावरून जातो. दगड उचलला असेल तर यानंच. भुजंग लातूरला भाजी टाकून आला आणि संध्याकाळी निवृत्तीच्या गोठ्यात जाऊन बसला. विचारायचं तर होतं, पण विचारलं की आपणच कबूल केल्यासारखं. ताकास तूर लागू द्यायची नव्हती. थंडीचं बोलला, म्हशींचं बोलला. मग म्हणाला,

"पहाटे उतारावर कुणी दिसतं का रं तुला?"

निवृत्ती कॅन विसळत होता. तो थांबला.

"कुणी दिसाया पायजे?"

"न्हाई, सहज इचारलं."

"सहज न्हाई इचारत तू. काही गेलं का गाडीचं?"

भुजंग म्हणाला, गेलं काहीच नाही.  निवृत्तीनं सांगितलं की बुधवारपासून तो बिलोलीला बहिणीकडे होता, आज दुपारच्या गाडीनं उतरला. दूध त्याचा भाऊ घालत होता. पिशवी अजून दारातच पडली होती. भुजंग उठला, पण आता निवृत्तीच्याही मनात पाल चुकचुकली होती. आपण जाईपर्यंत तो पाठीकडे बघतोय, हे भुजंगला मागं न वळताच कळत होतं.

निवृत्ती नाही, तर मग कोण? रविवारी भाजी न्यायची नव्हती, म्हणून शनिवारी गाडी दारातच लावली होती. दुपारी तो जेवायला बसला. सुकन्या भाकरी वाढत होती. तिच्या नखांत चुना होता.

"चुना कुठनं लागला?"

"कुठनं म्हंजे? उद्या येळवस हाय."

तो हात न धुता आपल्या शेतात गेला. घरचे पाचही दगड लावलेले, उन्हात वाळत होते. बरोबर होतं तिचं. पण संशयाला एकदा घर दाखवलं की तो रिकाम्या हातानं परत येत नाही. त्या दिवशी विचारणारी हीच. उतारावर कुठला दगड असतो, हे माहीत असणारी हीच. दोन रात्री आपण कूस बदलतोय, आणि हिनं एकदाही विचारलं नाही की झोप का येत नाही. म्हातारीकडे हिचं जाणं वाढलंय. काय बोलत असतील दोघी? लग्नाला बारा वर्षं झालेल्या बाईकडे तो चोरट्या नजरेनं बघायला लागला. वाईट दिवस ते.

संध्याकाळी केवळाबाईचा निरोप आला. येळवशीला राजश्री आणि तिची लेकरं शेतात यायची आहेत, पहाटे लातूरहून घेऊन ये. पाचवा दगड सापडला का, तेही विचारलं होतं.

भुजंगनं ठरवलं, आज गाडीतच झोपायचं. कोण येतं ते बघायचंच. सुकन्याला म्हणाला, पहाटे लवकर निघायचंय, आज उतारावरच पडतो. तिनं गोधडी काढून दिली. दार लावता लावता एवढंच म्हणाली, "दगड नीट लावा."

रविवारची रात्र. उजाडली की येळवस, म्हणजे चंद्राचा प्रश्नच नव्हता. त्यानं गाडी माथ्याला लावली, विटेचं अर्धुक टाचेनं ठोकून बसवलं आणि आत बसून काचा वर केल्या. बॉनेटवर गोधडी होतीच, दुसरी अंगावर घेतली. गाव निजलं. एखादं कुत्रं कण्हायचं तेवढंच. ओढ्यावरून गारठा वर चढत आला. श्वासानं काच धुरकटायची, तो बाहीनं पुसायचा. बाभळीवरून दव टपावर पडायचं, टप… टप… पाय बधिर झाले. पण त्यानं डोळा मिटला नाही. हे तो मला शपथेवर सांगतो. डोळा मिटला नाही.

आणि मग दव थांबलं.

कुत्रंही गप्प झालं. दूर कुठेतरी धातूवर धातू लागल्यासारखा आवाज आला. किण्… किण्… चालता चालता कॅनचं झाकण वाजावं तसा. पण चालण्याचा आवाज नव्हता. तो जवळ आला. गाडीच्या अंगाला येऊन थांबला.

भुजंगनं श्वास रोखला. समोरची काच पांढरी झाली होती. पुसायला हात उचलेना.

गाडी हलली.

थोडीशीच. मागच्या बाजूला. कुणी चाकाखाली दगड टाचेनं ठोकून बसवतं, तेव्हा हलते… तशी. एकदा. पुन्हा एकदा.

त्यानं धडपडत दिव्याचं बटण दाबलं. बॅटरी मेलेली, उजेड पिवळा, हातभर. रस्ता मोकळा. कुणी नाही. तो उतरला. मोबाइलचा टॉर्च लावून चाकाशी वाकला.

विटेचं अर्धुक कडेला, नीट ठेवलेलं.

चाकाखाली तो.

त्यानं बोट लावलं. चुना ओला होता.

मग त्याला भान राहिलं नाही. इथून निघायचं, एवढंच. त्यानं दगडाला लाथ घातली. दोनदा घातली, तेव्हा तो सुटला. भुजंग आत बसला, क्लच दाबला. गाडी घरंगळली. धुकं काचेवर आलं. वेग आला. दुसरा गियर. क्लच सोडला. दणका बसला… इंजिन खोकलं… आणि मेलं. पुन्हा क्लच, पुन्हा दणका. इंजिन गोठल्यासारखं गार. गाडी पुलापाशी सपाटीला आली, मंद झाली, उभी राहिली.

सगळं चिडीचूप.

आणि त्या शांततेत त्याला मागून आवाज ऐकू आला. मोटरसायकलचा. आरशात, उताराच्या माथ्यावर, धुक्यात एक दिवा उगवला. कॅन वाजत होते.

तेव्हा त्याला आठवलं, की दगड रस्त्यात आहे. आपण आत्ता लाथ मारली. मधोमध आहे.

गेल्या वेळी इंजिन लागलं होतं, म्हणून त्याला मागचं काही ऐकू आलं नव्हतं. या वेळी लागलं नाही. या वेळी त्याला सगळं ऐकू येणार होतं.

येणारा जिवंत आहे की कोण, हा विचारही त्यानं केला नाही. दार उघडं टाकून तो उतार चढत धावला. चपला गेल्या. हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. दिवा अंगावर आला, डोळे दिपले, चाक करकरलं आणि मोटरसायकल त्याच्या गुडघ्यापासून वीतभर लांब थांबली. मफलर गुंडाळलेला निवृत्ती होता. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन.

"काय करून राहिलास तू?" निवृत्ती म्हणाला.

"दगड…" भुजंगला धाप लागली होती. "रस्त्यात दगड हाय."

दोघांनी टॉर्च घेऊन शोधला. उताराच्या माथ्यापासून पुलापर्यंत, दोन्ही कडा, दोन्ही चर. दगड नव्हता. विटेचं अर्धुक तेवढं होतं, कडेला. निवृत्तीनं टॉर्च भुजंगच्या हातावर धरला. बोटाला चुना होता. 

"त्या दिवशी बी दगडच व्हता का, भुजंगा?"

भुजंग खाली बसला. रस्त्यावरच बसला, आणि सांगून टाकलं. सगळं. दिसला होता, उचलावासा वाटला होता, उचलला नाही, इथपर्यंत. तुला माहीत होतं ना, तूच ठेवत होतास ना, असंही विचारलं. निवृत्ती रडत होता. मान हलवून नाही म्हणाला.

"मी पयला आलतो. दगड रस्त्यात न्हवताच. मला दिसलाच न्हाई. तू बोलला नसतास तर…" 

म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं, असं भुजंगला तेव्हा वाटलं. ना त्याला, ना सुकन्याला. ज्या ज्या माणसाकडे भुजंगनं चार दिवस वाकड्या नजरेनं पाहिलं, ती सगळी साधी माणसं होती.

मग निवृत्ती म्हणाला, चल. कुठं, ते भुजंगनं विचारलं नाही. उजाडायला अजून अवकाश होता, पण केवळाबाईच्या घरात दिवा होता. वेशीतलं पहिलंच घर ते. दार सताड उघडं होतं आणि म्हातारी उंबऱ्यापाशी बसून तांब्यानं पाणी घालत होती. कशावर, ते दोघांनाही जवळ गेल्यावर दिसलं.

काळा दगड. बुडाला सपाट. पाण्यानं चुना जात नव्हता.

"आलास व्हय?" ती भुजंगला म्हणाली. तिचा चेहरा इतका फुललेला त्यानं वर्षभरात पाहिला नव्हता. "दगड ठिवून पळालास कशापायी? मी दार उघडस्तोवर गेला बी. आन् एक सांगू का? आज पयल्यांदाच आई म्हणून हाक मारलीस. आई, दगड आणलाय म्हणलास. लई बरं वाटलं बघ."

निवृत्तीनं विचारलं, कधी मारली हाक? ती म्हणाली, हे काय आत्ताच, तुझी फटफटी उतारावर वाजली, त्याच वेळेला.

त्या वेळेला भुजंग हात पसरून निवृत्तीच्या दिव्यापुढे उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 

भुजंगला तिथं गप्प बसता आलं असतं. ती खूश होती. दगड मिळाला होता, आणि निवृत्तीनंही कदाचित तोंड उघडलं नसतं. पण जी हाक आपली नाही, ती आपल्या नावावर कशी ठेवून घेणार? तो तिच्या पायापाशी बसला आणि म्हणाला, "काकू, हाक मी मारली न्हाई." मग दगड कुठं होता आणि कसा गेला, ते सांगितलं.

केवळाबाई ओरडली नाही, रडली नाही. तांब्या खाली ठेवला. मग तिनं एकच विचारलं, आणि तेही भुजंगला नाही, निवृत्तीला.

"त्यो लगेच गेला व्हता का? का वाट बघत पडला व्हता कुणाची?"

"लगेच गेला व्हता, काकू," निवृत्ती म्हणाला. खरं बोलला का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

ती उठली. आत जाऊन भांड्यांशी काहीतरी करत राहिली. भुजंग हलेना, तेव्हा आतूनच बोलली, "राजश्रीला आणाया जा. लेकरं थंडीत उभी असतील." तो उठून अंगणात पोचला, तेव्हा पुन्हा आवाज आला. "दुपारी जेवाया शेतात ये. समद्यांबरोबर बस. पर उद्यापासून माझी मेथी निवृत्ती नेईल."

निवृत्तीनं धक्का मारला, तेव्हा कुठे गाडी लागली. भुजंग राजश्रीला घेऊन आला. दुपारी कोपीपुढे पंगतीत बसला, म्हातारीनं त्याच्याही पानात बाजरीचे उंडे वाढले, सगळ्या भाज्यांची भज्जी वाढली, वाटीत आंबील ओतली. त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही. त्यानं मला सांगितलं, तात्या, मी पान तसंच ठेवून उठलो. घरी आल्यावर त्यानं सुकन्यालाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला त्याच रात्री कळलं होतं, तुम्ही हाव म्हणालात तेव्हाच.

आता त्याच्या गाडीत नवी बॅटरी आहे. दारात सपाटीला लावतो. मेथी अजून निवृत्तीच नेतो.

आणि आज सकाळी मी तिच्या शेतात गेलो होतो. तुम्ही झोपला होता. पूजा मांडायची होती. केवळाबाई कोपीत बसली होती, राजश्री शेजारी. म्हातारीनं चुन्याची वाटी घेतली, एकेक दगड पुढं ओढून लावत गेली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग वाटी झाकून बाजूला ठेवली आणि हात पुसले. मला वाटलं, विसरली. म्हणून मी वाकून कोपीत पाहिलं.

पाचवा कोपऱ्यात होता. आधीच पांढरा होता. हा कुणी लावला, म्हणून मी राजश्रीला विचारलं, तर ती आईकडे बघायला लागली. 

मी बोट लावून पाहिलं. चुना ओला होता.